निळा अधिक पिवळा बरोबर राखाडी? डिजिटल ब्रशने खऱ्यासारखे रंग मिसळायची कृती

टॅब्लेट घरी आला त्याच आठवड्यात मी भातखाचराचं चित्र काढायला बसले. लावणीनंतर आठ-दहा दिवसांनी रोपं रुजली की जो कोवळा पोपटी रंग येतो, तोच हवा होता. कागदावर तो मी डोळे मिटून करते: लेमन येलो भरपूर आणि त्यात प्रुशियन ब्लूचं नुसतं टोक. पडद्यावरही तेच केलं. पिवळा फासला, त्यावरून निळा ओढला, ब्लेंडर ब्रशने घोळवला. खाचराचं सिमेंट झालं.

पुढचे दोन महिने मी ब्रश बदलत राहिले. फुकटचे, विकतचे, नावात ‘रिअल’, ‘वेट’, ‘ऑइल’ असलेले. प्रत्येक ब्रश केसांचे ओरखडे अगदी हुबेहूब उमटवायचा आणि शेवटी सिमेंटच द्यायचा. एलिमेंटरीच्या परीक्षेला बसलेली माझी भाची शेजारी बसून हे बघत होती. ती म्हणाली, “मावशी, निळा-पिवळा हिरवा होतो ना?” होतो गं. पण इथे का होत नाही, हे मला सांगता आलं नाही.

नंतर कळलं ते असं. डिजिटल ब्रशमध्ये दोन वेगळी खाती असतात. एक, ब्रशची चाल: तो कागदावरचा रंग किती उचलतो, किती लांब ओढत नेतो, किती ओला आहे. दुसरं, मिश्रणाचा हिशेब: दोन रंग एकमेकांत आले की तिसरा कोणता, हे सॉफ्टवेअर कोणत्या गणिताने ठरवतं. बाजारात मिळणारे बहुतेक ब्रश फक्त चाल बदलतात. हिशेब सॉफ्टवेअरच्या पोटात असतो आणि ब्रश बदलून तो बदलत नाही. माझे दोन महिने यातच गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हा लेख.

काय काय लागेल

- दाब ओळखणारा पेन टॅब्लेट किंवा पेन चालणारा टॅब. माउसने चाल कळत नाही.
- रंगकामाचं कोणतंही एक सॉफ्टवेअर. पैसे घालायचे नसतील तर क्रिटा आणि मायपेंट दोन्ही मोफत आहेत.
- शाळेतली जलरंगाची पेटी किंवा ट्यूब. हो, खरे रंग. का ते सहाव्या पायरीत.
- जाड ड्रॉइंग पेपर, एक ड्रॉपर, औषधाच्या बाटल्यांची पाच-सहा टोपणं, मोबाइलचा कॅमेरा.
- एक मोकळी दुपार.

## १. आधी कसोटी घ्या

नवी फाइल उघडा. एकाच लेयरवर (चित्राच्या एकाच पारदर्शक थरावर) पिवळ्याचा एक ठिपका आणि त्याला चिकटून निळ्याचा एक ठिपका टाका. आता ब्लेंडर किंवा स्मज ब्रशने दोन्ही मध्ये घोळवा. मधला पट्टा हिरवा आला तर तुमचं सॉफ्टवेअर रंगद्रव्याच्या हिशेबाने चालतं. राखाडी किंवा खाकी आला, तर उजेडाच्या हिशेबाने.

दुसरी कसोटी जास्त चोख आहे, पण फार जण करत नाहीत. जवळजवळ काळा वाटेल इतका गडद निळा घ्या आणि त्यात पांढरा मिसळा. प्रुशियन ब्लू किंवा थॅलो ब्लू ट्यूबमधून काढला की काळपट दिसतो, पण पांढरा घातल्याबरोबर आतून झगझगीत निळा वर येतो. पोस्टर कलर वापरलेल्यांना हे ठाऊक आहे. पडद्यावर १३, २७, ६८ हा गडद निळा आणि पांढरा यांची साधी सरासरी काढली तर १३४, १४१, १६२ येते. पावसाळ्यात वाळत घातलेल्या कॉलेजच्या युनिफॉर्मचा रंग. हे आकडे आरजीबीचे, म्हणजे लाल, हिरवा, निळा या क्रमाने, ० ते २५५ मध्ये.

दोन्ही कसोट्या होईपर्यंत ब्रशच्या एकाही सेटिंगला हात लावू नका.

## २. राखाडी का येतो ते एकदाच नीट समजून घ्या

पडदा उजेडाने रंगतो. गणपतीच्या मांडवात एका भिंतीवर निळा आणि पिवळा असे दोन दिवे एकाच जागी पाडा. तिथे पांढुरकं दिसेल. उजेडात उजेडाची भर पडते. सॉफ्टवेअर पिवळ्याचे २५५, २५५, ० आणि निळ्याचे ०, ०, २५५ घेतं, सरासरी काढतं आणि १२८, १२८, १२८ देतं. शुद्ध राखाडी. हिशेब चुकलेला नाही, फक्त तो दिव्यांचा हिशेब आहे.

रंगद्रव्य उलट वागतं. ते स्वतः उजेड देत नाही, आलेल्यातला काही गिळतं आणि उरलेला परत पाठवतं. समजण्यापुरते सोपे आकडे घेऊ. एक निळा रंग त्याच्यावर पडलेल्या १०० पैकी निळा उजेड ६४, हिरवा २५ आणि तांबडा ४ परत देतो. एक पिवळा निळा उजेड फक्त ४, हिरवा ८१ आणि तांबडा ८१ परत देतो.

साधी सरासरी काढली तर निळा ३४, हिरवा ५३, तांबडा ४२.५. तिन्ही जवळजवळ आले, म्हणून मळकट.

आता गुणाकार करून वर्गमूळ काढा. निळ्याचे ६४ गुणिले ४ म्हणजे २५६, त्याचं मूळ १६. हिरव्याचे २५ गुणिले ८१ म्हणजे २०२५, मूळ ४५. तांबड्याचे ४ गुणिले ८१ म्हणजे ३२४, मूळ १८. हिरवा बाकी दोघांच्या अडीच पटीच्या आसपास. हाच तो खाचराचा रंग.

गुणाकार का? कारण मिश्रणात उजेड एका कणावरून सुटून दुसऱ्यावर आदळतो. निळ्याने तांबडा गिळला की पिवळ्याने कितीही उदार व्हायचं ठरवलं तरी तो परत देता येत नाही. दोघांनीही थोडाफार सोडलेला असा एकच पट्टा उरतो, तो हिरव्याचा. म्हणजे निळा आणि पिवळा हिरवा ‘बनवत’ नाहीत. हिरवा दोघांतही आधीपासून असतो, बाकीचं सगळं आपसात कापलं जातं. हे कळल्यावर माझी पेटीकडे बघायची नजरच बदलली. अल्ट्रामरीनपासून लख्ख हिरवा का येत नाही आणि प्रुशियनपासून का येतो, याचं उत्तरही इथेच आहे: अल्ट्रामरीन जांभळ्याकडे झुकलेला, त्याच्याकडे हिरवा उजेड कमी.

खरं गणित याहून थोडं मोठं आहे. रंगाचा थर उजेड किती शोषतो आणि किती विखुरतो, असे दोन आकडे प्रत्येक रंगद्रव्याला देऊन हिशेब मांडायची पद्धत पॉल कुबेल्का आणि फ्रान्झ मुंक यांनी १९३१ मध्ये मांडली. आज कापड आणि भिंतीच्या रंगांच्या कारखान्यांत छटा जुळवताना तीच वापरतात. (त्याच १९३१ साली मुंबईत दांडेकरांनी शाईचा धंदा सुरू केला. पुढे त्याचं कॅम्लिन झालं आणि आपल्या सगळ्यांच्या दप्तरात उंटाची पेटी आली. योगायोगच, पण मला आवडतो.)

## ३. तुमचं सॉफ्टवेअर कुठे बसतं ते पाहा

रंगद्रव्याचा हिशेब करणारी दोन सॉफ्टवेअर मी स्वतः वापरली आहेत.

मायपेंट. मोफत. २०२० मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून त्यात पिगमेंट, म्हणजे रंगद्रव्याचं, मिश्रण आहे. आरजीबीच्या तीन आकड्यांवरून ते उजेडाच्या १० पट्ट्यांचा अंदाज बांधतं आणि वर केला तसा गुणाकाराचा हिशेब करतं. ब्रशच्या सेटिंगमध्ये ‘पिगमेंट’ नावाचा सरकता दांडा आहे, तो १ वर न्या. लेयरच्या मोडमध्येही ‘पिगमेंट’ हा पर्याय दिसेल. ही दोन वेगळी ठिकाणं आहेत: पहिलं ब्रशच्या फटकाऱ्यासाठी, दुसरं लेयर खालच्या लेयरवर कसा बसतो त्यासाठी. एकच चालू करून ‘अर्धवट चालतं’ अशी तक्रार मीही केली आहे. आणि प्राधान्यांत जुन्या १.एक्स आवृत्तीशी जुळवून घेणारा मोड निवडलेला असेल, तर पिगमेंट विसरा.

रेबेल. विकतचं, स्लोव्हाकियातल्या एस्केप मोशन्स कंपनीचं. त्याच्या पाचव्या आवृत्तीपासून ‘प्रो’मध्ये रंगद्रव्याचं मिश्रण आलं. साध्या आवृत्तीत ते नाही, हे पैसे भरण्याआधी लक्षात ठेवा आणि आधी चाचणी आवृत्ती उतरवून पहिली कसोटी घ्या. त्याच्या पोटात मिक्सबॉक्स नावाची पद्धत आहे. प्रागमधल्या शार्का सोखोरोवा आणि ओन्द्रेय यामरिश्का यांनी ती २०२१ मध्ये मांडली. ती तुमच्या आरजीबी रंगाकडे बघून विचारते, ‘हा रंग थॅलो ब्लू, क्विनॅक्रिडोन मॅजेंटा, हान्सा येलो आणि टायटॅनियम व्हाइट या चारांच्या कोणत्या मापातून होईल?’ मग मापं मिसळते आणि उत्तर पुन्हा आरजीबीत देते. चारांतून जमणार नाही असा भडक रंग दिलात, तर उरलेला फरक ती बाजूला लिहून ठेवते आणि शेवटी परत जोडते. त्यामुळे रंग मिसळेपर्यंत तुम्ही निवडलेला रंग जसाच्या तसा राहतो.

फोटोशॉपचा मिक्सर ब्रश, प्रोक्रिएटमधलं वेट मिक्स आणि क्रिटाचं कलर स्मज इंजिन यांची चाल उत्तम आहे. हिशेब मात्र मी वापरलेल्या आवृत्त्यांत उजेडाचाच निघाला. आवृत्त्या बदलतात, म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नका, कसोटी घ्या.

इथे एक सापळा. ‘लिनियर रंगप्रोफाइल (आकडे थेट उजेडाच्या प्रमाणात धरणारं) घे, सगळं नीट होतं’ असा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. क्रिटात नवी फाइल करताना खोली (रंगाचा प्रत्येक आकडा किती बारकाईने साठवायचा ते) १६ बिट फ्लोट आणि नावाच्या शेवटी ‘जी१०’ असलेलं एसआरजीबी प्रोफाइल निवडता येतं. फोटोशॉपमध्ये कलर सेटिंगमध्ये ‘ब्लेंड आरजीबी कलर्स युजिंग गॅमा’ १.०० करता येतं. फायदा खरा आहे: लाल आणि हिरवा जिथे भेटतात तिथली काळपट रेघ जाते, कडा उजळ होतात. पण पिवळा आणि निळा मिळून १२८ ऐवजी १८८, १८८, १८८ मिळतो, एवढंच. सिमेंटच्या जागी चुना.

## ४. पडद्याचा शुद्ध निळा घेऊ नका

०, ०, २५५ हा निळा कुठल्याही ट्यूबमध्ये नसतो. पिगमेंट मिश्रणाला असा रंग दिला की उत्तर विचित्र येतं आणि दोष सॉफ्टवेअरला जातो. सुरुवात खऱ्या रंगद्रव्यांच्या जवळच्या आकड्यांनी करा. माझ्या फाइलच्या कोपऱ्यात हे ठिपके कायम असतात:

- हान्सा येलो: २५२, २११, ०
- कॅडमियम रेड: २५५, ३९, २
- क्विनॅक्रिडोन मॅजेंटा: १२८, २, ४६
- अल्ट्रामरीन: २५, ०, ८९
- कोबाल्ट ब्लू: ०, ३३, १३३
- थॅलो ब्लू: १३, २७, ६८
- बर्न्ट सिएना: १२३, ७२, ०

निळे बघून ‘हे तर काळे दिसतात’ असं वाटेल. ट्यूबमधला घट्ट रंग तसाच असतो. पांढरा किंवा पिवळा घाला, मग बोला.

आणखी एक मर्यादा मनात ठेवा. कागदावर सारखे दिसणारे दोन निळे मिश्रणात वेगळे वागू शकतात, कारण त्यांची द्रव्यं वेगळी. सॉफ्टवेअरला दिसतात फक्त तीन आकडे. तीन आकडे सारखे, तर वागणूकही सारखी.

## ५. आता चालीकडे वळा

हिशेब कळला की सेटिंगचे शब्द अचानक सोपे वाटतात. प्रत्येक ठिकाणी तीन-चारच प्रश्न असतात: ब्रशवर रंग किती, खालून किती उचलायचा, किती लांब न्यायचा, आणि पुढचा फटकारा धुतलेल्या ब्रशने की मळलेल्या.

क्रिटा. एफ५ दाबून ब्रशचा संपादक उघडा आणि कलर स्मज इंजिनवरचा ब्रश घ्या. ‘स्मज लेंग्थ’ म्हणजे खालचा रंग किती लांब ओढला जातो, ‘कलर रेट’ म्हणजे ब्रशवरचा नवा रंग किती उतरतो. मी स्मज लेंग्थ ६५ आणि कलर रेट ३० च्या आसपास ठेवून सुरू करते आणि कलर रेट पेनच्या दाबाला जोडते: हलका हात फक्त घोळवतो, दाबलं की रंग सुटतो. ‘स्मिअरिंग’ मोड खालचं चित्र जसंच्या तसं ओढतो, त्यामुळे ब्रशच्या केसांच्या रेषा टिकतात. ‘डलिंग’ खालच्या रंगाची एकसारखी छटा उचलतो. गालावरच्या मऊ छटेला डलिंग, चिखलाला आणि ढगांना स्मिअरिंग.

फोटोशॉप. मिक्सर ब्रशवर वरच्या पट्टीत ‘वेट’, ‘लोड’, ‘मिक्स’, ‘फ्लो’ दिसतात. मिक्स १०० केलं की सगळा रंग कॅनव्हासवरून उचलला जातो, ० केलं की सगळा ब्रशच्या साठ्यातून येतो. शेजारी दोन छोटी बटणं आहेत: प्रत्येक फटकाऱ्यानंतर ब्रश भरायचा का आणि प्रत्येक फटकाऱ्यानंतर धुवायचा का. दोन्ही चालू ठेवली तर तुमच्याजवळ कायम आज्ञाधारक, स्वच्छ ब्रश असतो आणि चित्र प्लास्टिकचं दिसतं. धुण्याचं बटण बंद करून बघा. मळलेला ब्रशच रंगांना एका घरातले करतो.

प्रोक्रिएट. ब्रश स्टुडिओत वेट मिक्स. ‘डायल्यूशन’ म्हणजे पाणी, ‘चार्ज’ म्हणजे ब्रशवर घेतलेला रंग, ‘पुल’ म्हणजे ओढ. चार्ज कमी केला की फटकाऱ्याच्या शेवटी रंग संपतो. रंग संपायला हवाच. खरा ब्रश दर चार इंचांवर पॅलेटकडे परत जातो.

सगळ्यांत एक सारखं: फटकारे मोजा. खऱ्या रंगात चौथ्यांदा घोळवलं की हिरवा मरतो, आणि पिगमेंट हिशेबातही तो मरतो. तिसऱ्या फटकाऱ्याला पेन उचला.

## ६. पिगमेंट मिश्रण नसेल तर: आपला तक्ता आपण करा

बहुतेकांजवळ क्रिटा, फोटोशॉप किंवा प्रोक्रिएट असतं आणि ते सोडायचं नसतं. मीही शेवटी क्रिटातच राहिले. त्यावरचा उपाय जुना आणि घरगुती आहे. माझ्या मते या लेखात सगळ्यात उपयोगाची पायरी हीच.

पाच रंग निवडा. माझे होते लेमन येलो, क्रिमसन लेक, अल्ट्रामरीन, प्रुशियन ब्लू, बर्न्ट सिएना. पाचांच्या जोड्या होतात १०. प्रत्येक जोडीची तीन मापं: ३ ला १, १ ला १, १ ला ३. म्हणजे ३० मिश्रणं आणि ५ मूळ रंग, एकूण ३५ चौकोन.

मापासाठी ब्रशवर भरवसा ठेवू नका. प्रत्येक रंग सारख्याच पाण्यात टोपणात विरघळवा आणि ड्रॉपरने थेंब मोजा. पहिल्यांदा मी ब्रशनेच केलं, तर प्रुशियन असलेल्या सगळ्या चौकोनांत प्रुशियनच दिसत होता. तो रंग फार जोरकस. त्याच्या जोड्यांना ७ थेंब दुसऱ्याचे आणि १ थेंब प्रुशियनचा असा आणखी एक चौकोन करा. खाचर मला त्याच चौकोनात सापडलं. आणि अल्ट्रामरीन व बर्न्ट सिएना यांच्या १ ला १ मध्ये आषाढातलं आभाळ सापडेल. काळा रंग विकत घ्यायची गरज का नाही, ते तिथे कळतं.

पूर्ण वाळू द्या. ओला जलरंग गडद दिसतो, वाळल्यावर फिका पडतो. मग ढगाळ दिवशी खिडकीपाशी फोटो काढा. फ्लॅश नको, घरातला पिवळा दिवा बंद. कागदाची कोरी कड फोटोत येऊ द्या आणि फोटो उघडल्यावर आधी ती कड दुरुस्त करा: तिचे तिन्ही आकडे सारखे होईपर्यंत व्हाइट बॅलन्स हलवा. हे न करता उचललेले रंग सगळे एकाच बाजूला, बहुधा निळ्याकडे, झुकलेले निघतात.

रंग उचलताना एक बिंदू उचलू नका, कारण जलरंगात कण असतात. फोटोशॉपच्या आयड्रॉपरला ३१ बाय ३१ ची सरासरी द्या, क्रिटात सॅम्पलरची त्रिज्या वाढवा. सगळे ठिपके पॅलेटमध्ये साठवा, झालं.

वापर असा. पिवळा आणि निळा थेट घोळवू नका. दोघांच्या मध्ये तक्त्यातला हिरवा स्वतःच्या हाताने लावा, शक्य तर त्याच्या दोन्ही बाजूंची मापंही. मग स्मज करा. सरासरीची चूक लांबच्या रंगांत मोठी असते, जवळच्या रंगांत नजरेला न दिसण्याइतकी लहान. पिवळ्यापासून निळ्यापर्यंत एका उडीत गेलात तर राखाडीतून जाल. चार पायऱ्या टाकल्यात तर हिरव्यातून. शेजारी बसलेल्याला वाटेल की ब्रशच मिसळतोय.

## ७. थरावर थर द्यायचा असेल तर

मिसळणं वेगळं आणि वाळलेल्या रंगावर पातळ वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा हात, देणं वेगळं. दुसऱ्यासाठी पिगमेंट ब्रश लागतच नाही, लेयरचा ‘मल्टिप्लाय’ मोड पुरतो. तो नावाप्रमाणे गुणाकार करतो. पिवळा २५५, २२०, ० खाली आणि निळा ०, १२०, १९० वर मल्टिप्लायमध्ये ठेवला की ०, १०४, ० येतो. अगदी वॉशसारखा हिरवा. मात्र पडद्याचे शुद्ध रंग घेतलेत, २५५, २५५, ० वर ०, ०, २५५, तर थेट काळा.

वॉशच्या कडेला रंग साचून गडद रेघ येते, ती मल्टिप्लाय देत नाही. ती हाताने काढा किंवा त्यासाठी वेगळा ब्रश शोधा.

## ८. उरलेले सापळे

वेगळे लेयर. पिवळा एका लेयरवर आणि निळा दुसऱ्यावर असेल तर ब्रशला मिसळायला काहीच सापडत नाही. क्रिटाच्या स्मज ब्रशमध्ये ‘ओव्हरले’ आणि फोटोशॉपच्या मिक्सर ब्रशमध्ये ‘सॅम्पल ऑल लेयर्स’ चालू केलं की खालचा रंग उचलता येतो. नवशिक्याने मात्र आधी सगळं एकाच लेयरवर करावं. भीती वाटते, पण कागदालाही लेयर नसतात.

आठ बिट. हलक्या हाताने वारंवार घोळवलं की काही ठिकाणी पुसट डाग अडकून बसतात, कितीही पुसले तरी जात नाहीत. ती आकडे पूर्णांकात बसवताना होणारी चूक आहे. १६ बिटमध्ये ती जाते, पण मेमरी दुप्पट लागते: ४००० बाय ३००० च्या एका लेयरला ८ बिटमध्ये सुमारे ४८ एमबी, १६ बिटमध्ये ९६. जुना लॅपटॉप असेल तर कॅनव्हास लहान करा, बिट कमी करू नका.

रात्रीचा पिवळा पडदा. डोळ्यांना त्रास नको म्हणून मोबाइल-लॅपटॉपवर जो पिवळसर मोड आपोआप लागतो, तो रंगकामाला बसताना बंद करा. मी एकदा अख्खं चित्र त्यातच केलं. सकाळी सगळी माणसं काविळीतून उठून थेट थंडीत गेल्यासारखी निळी दिसत होती.

फाइलचं स्थलांतर. मायपेंट किंवा रेबेलमधलं चित्र दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेलं की दिसतं तसंच, पण पुढचं मिश्रण नव्या घराच्या हिशेबाने होतं. तिथे आकाशाची कड जरा मऊ करायला गेलात की खाचराच्या बांधाशी पुन्हा सिमेंट. घोळवायचं काम एकाच ठिकाणी संपवा. सही, मजकूर आणि आकार कापणं दुसरीकडे.

गरज नसताना. कॉमिक, पोस्टर, सपाट रंगांचं काम करत असाल तर यातलं काहीच लागत नाही. उजेडाचा हिशेब तिथे बरोबर बसतो आणि मशीनही हलकं चालतं.